खासगी विमानाच्या बिलातील तास कसे तपासावेत

नागपूरहून रुग्णाला एअर अँब्युलन्सने मुंबईला आणणाऱ्या नातेवाइकांच्या हाती बिल पडते, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: विमान हवेत जेमतेम सव्वा तास होते, मग बिलात साडेतीन तास कुठून आले? कंपनीच्या कामासाठी दिवसभर विमान घेणाऱ्या लेखा विभागालाही हाच प्रश्न पडतो. अशी बिले तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे आणि माझा अनुभव असा, की त्या साडेतीन तासांपैकी बराचसा भाग रीतसर असतो. मात्र रीतसर कोणता आणि शंकास्पद कोणता, हे ओळखण्यासाठी तास मोजण्याची पद्धत आधी समजून घ्यावी लागते.

प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदल्या जातात. चाकांखालची अडसरे, म्हणजे चॉक्स, काढून विमान जागेवरून हलते ती पहिली वेळ, चाके धावपट्टी सोडतात ती दुसरी, चाके पुन्हा जमिनीला टेकतात ती तिसरी आणि विमान पार्किंगच्या जागी थांबून चॉक्स लागतात ती चौथी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतील अंतर म्हणजे प्रत्यक्ष हवेतला वेळ. पहिल्या आणि चौथ्या वेळेतील अंतर म्हणजे ब्लॉक टाइम. भारतातील चार्टरचे, म्हणजे भाड्याने घेतलेल्या विमानाचे, बिल सर्वसाधारणपणे ब्लॉक टाइमवर होते आणि त्यात लबाडी काही नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येतही विमान उड्डाणासाठी प्रथम हलते तेव्हापासून ते शेवटी स्थिर होईपर्यंतचा काळ हाच उड्डाणकाळ धरला आहे. जमिनीवर सरकत असतानाही इंजिने इंधन जाळतात आणि वैमानिकांच्या नोंदवहीत तो वेळ जमा होतो.

फरक किती पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. ताशी दर दोन लाख रुपये धरू. मुंबईहून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी विमान हलले. पुढे रांग असल्यामुळे ७.३१ ला उडाले, नागपूरला ८.४१ ला उतरले आणि ८.४६ ला थांबले. परतीला ते नागपूरहून १६.०० ला हलले, १६.०८ ला उडाले, मुंबईवर घिरट्या घालून १७.३० ला उतरले आणि १७.३९ ला थांबले. ब्लॉक टाइमने हे ३ तास १५ मिनिटे, म्हणजे साडेसहा लाख रुपये होतात. हवेतला वेळ मात्र २ तास ३२ मिनिटेच आहे, म्हणजे सुमारे ५ लाख ७ हजार. याखेरीज एक तिसरी पद्धत आहे, जी अमेरिकेतील जेट कार्डांच्या, म्हणजे उड्डाणाचे तास आगाऊ विकत घेण्याच्या योजनांच्या, करारांत सर्रास दिसते: हवेतला वेळ घ्यायचा आणि जमिनीवरच्या सरकण्यासाठी प्रत्येक उड्डाणामागे ठरावीक १२ मिनिटे मिळवायची. त्या हिशेबाने हेच बिल सुमारे ५ लाख ८७ हजार होईल. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर ही तिसरी पद्धत ग्राहकाला सोयीची पडते, कारण रांगेचा धोका ऑपरेटरकडे, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीकडे, जातो. म्हणून कोटेशन मागताना दराच्या आधी हे लेखी विचारावे, की तास कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत मोजणार.

त्यानंतरचा प्रश्न वेळ ठरावीक टप्प्यापर्यंत वर ओढण्याचा, म्हणजे पूर्णांकनाचा. वरचे उदाहरण तासाच्या दहाव्या भागात, म्हणजे सहा-सहा मिनिटांत, वर ओढून मोजले तर १.६ आणि १.७ मिळून ३.३ तास होतात; पाऊण, सव्वा अशा पावतासांत वर ओढले तर साडेतीन तास होतात. उड्डाण तेच, पण पहिल्या रीतीने साडेसहा लाखांवर दहा हजार चढतात आणि दुसऱ्या रीतीने पन्नास हजार. पूर्णांकन प्रत्येक उड्डाणाला वेगळे करायचे की दिवसाच्या बेरजेला एकदाच, हेही ठरवून घ्यावे. बेरजेला एकदाच केलेले केव्हाही बरे.

येथे एका चुकीबद्दल मी मुद्दाम थांबून सांगतो, कारण ती मी स्वतः एका बिलात पाहिली आहे आणि ती दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली होती. वैमानिकाच्या नोंदीत १.३ असे लिहिले होते. ते दशांशात होते, म्हणजे १ तास १८ मिनिटे. बिल करणाऱ्याने ते १.३० असे वाचले, त्याचा दीड तास केला आणि ग्राहकाच्या लेखापालाने तो तसाच मंजूर केला. ताशी दोन लाखांच्या दराने ही बारा मिनिटे चाळीस हजारांची असतात. ‘तास दशांशात लिहिले आहेत की तास-मिनिटांत’ हे बिलावर स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरा घोटाळा वेळेच्या पट्ट्याचा होतो. विमानाच्या कागदपत्रांत वेळा बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. म्हणून सकाळी सात दहाला सुटलेल्या विमानापुढे ०१४० असे दिसले तर ती चूक समजू नये, त्यात साडेपाच तास मिळवावेत.

बिल फुगते ते सर्वांत जास्त रिकाम्या उड्डाणांनी. ज्या विमानतळावर विमानाचा मुक्काम असतो तेथून ते तुमच्यापर्यंत रिकामे येते आणि तुम्हाला सोडून रिकामे परत जाते. या फेरीचे तासही तुम्हालाच लागतात. दिल्लीत मुक्काम असलेले विमान पुणे ते हैदराबाद या सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी घेतले, तर दिल्ली ते पुणे आणि हैदराबाद ते दिल्ली मिळून जवळपास चार तासांचे रिकामे उड्डाण त्यावर चढते. एका तासासाठी पाच तासांचे बिल होते ते असे. म्हणून विमान कोणते आणि किती आलिशान, यापेक्षा ते कोठे मुक्कामाला आहे हे आधी विचारावे, आणि रिकाम्या फेरीचा दर भरल्या उड्डाणाइतकाच आहे का, हेही विचारावे.

पुढची अट किमान तासांची. अनेक कोटेशनांत ‘दररोज किमान दोन तास’ अशी ओळ तळाशी असते. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर थोडे आहे. जाऊन-येऊन दीड तास ब्लॉक धरला, तरी एका दिवसात बिल दोन तासांचे होईल. येथवर फारसे बिघडत नाही. परंतु सोमवारी जाऊन बुधवारी परतायचे असेल आणि विमान तेथेच थांबवले, तर तीन दिवसांचे किमान सहा तास लागू शकतात, शिवाय वैमानिकांचा मुक्काम आणि विमानाचे पार्किंग वेगळे. त्याऐवजी सोमवारी विमान रिकामे मुंबईला पाठवले आणि बुधवारी पुन्हा बोलावले, तर प्रत्येक दिवशी दीड तास उडूनही किमान दोन-दोन, असे चार तासांतच भागते. उतरण्याचे शुल्क दोनदा जास्त पडेल, पण दोन तासांच्या दरापुढे ते सहसा थोडे असते. लांबच्या ठिकाणी हा हिशेब उलटा पडतो, तेव्हा विमान थांबवणे स्वस्त असते. दोन्ही पर्यायांचे आकडे ऑपरेटरकडून मागून घ्यावेत; न मागता ते क्वचितच मिळतात.

ताशी दरावरून विमानांची तुलना करणे मला चुकीचे वाटते. किंग एअर बी-२०० सारखे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते, हॉकर ८०० सारखे जेट ताशी सुमारे ८०० किलोमीटर. जवळच्या प्रवासाला पंख्याचे विमान निश्चित स्वस्त पडते. लांबच्या प्रवासाला त्याचे तास वाढतात आणि दरातला फरक बराचसा खाऊन टाकतात. तुलना करायची ती एकूण रकमेची. त्या एकूण रकमेत उतरण्याचे शुल्क, हँडलिंग (विमानतळावर विमानाला लागणाऱ्या सेवा), विमानतळ ठरावीक वेळेबाहेर उघडा ठेवण्याचे शुल्क आणि जीएसटी धरला आहे की वगळला आहे, हे पाहिल्यावरच दोन कोटेशने शेजारी ठेवण्याजोगी होतात. लहान विमानतळांवर ही वेळेची मर्यादा फार जाचते: सभा किंवा शस्त्रक्रिया तासभर लांबली, की एक तर जादा शुल्क भरावे लागते किंवा मुक्काम करावा लागतो.

हेलिकॉप्टरची गोष्ट निराळी आहे. तेथे पाती फिरू लागल्यापासून ती थांबेपर्यंतचा काळ उड्डाणकाळ धरतात. जुहूहून प्रचारसभेला गेलेले हेलिकॉप्टर पाती चालू ठेवून नेत्यांची वाट पाहत उभे राहिले, तर तो वेळही बिलात येतो.

कोटेशनमधले तास अंदाजाचे असतात आणि बिल प्रत्यक्ष तासांचे, हे विसरू नये. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वरच्या थरातले वारे कोलकात्याहून मुंबईला येणाऱ्या विमानाला अडवतात आणि जाणाऱ्याला ढकलतात, त्यामुळे दोन दिशांचे तास सारखे येत नाहीत. दिल्लीत धुके पडून विमान जयपूरला वळले, तर तो वाढीव वेळ सहसा ग्राहकाकडे येतो. मात्र यांत्रिक बिघाडामुळे विमान माघारी फिरले, तर ते तास ग्राहकाने देऊ नयेत, ही अट करारात असलीच पाहिजे. मी तिच्याबाबत कधीही तडजोड करत नाही. घाईत, विशेषतः रुग्ण हलवताना, दहा अटी वाचणे शक्य नसते. तेव्हा निदान तीन गोष्टी मेसेजवर लिहून घ्याव्यात: तास कोठून कोठपर्यंत, रिकाम्या फेऱ्या किती तासांच्या, आणि सर्व शुल्के व करांसह एकूण रक्कम किती. ज्या विमानासाठी पैसे मोजत आहात ते भाड्याने देण्याचा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना ऑपरेटरकडे आहे, याचीही खात्री त्याच मेसेजमध्ये मागावी, कारण केवळ खासगी वापरासाठी नोंदवलेले विमान भाडे घेऊन चालवता येत नाही.

बिल आल्यावर त्यासोबत प्रत्येक उड्डाणाच्या चारही वेळांचा, वैमानिकाच्या सहीचा उतारा मागावा. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर उडण्याची आणि उतरण्याची वेळ बऱ्याचदा सापडते, तिच्याशी मधल्या दोन वेळा ताडून पाहाव्यात. दोन-तीन मिनिटांचा फरक सोडून द्यावा. चॉक्सच्या वेळा ॲपवरून खात्रीने कळत नाहीत, त्यासाठी प्रवासाला गेलेल्या माणसालाच विमान हलताना आणि थांबताना घड्याळ पाहून मोबाइलवर वेळ टिपायला सांगावे.