टायमिंग चेनचा टेन्शनर: हायड्रॉलिक की मेकॅनिकल? या चुका टाळा

कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना बाईकचा थ्रॉटल सोडला की सिलिंडरच्या बाजूने खडखड येते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी टायमिंग चेन तिथेच असते, टेन्शनर तिला ताणून धरतो. मग गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, 'टेन्शनर बदला, हाताने बोल्ट आवळायचा मॅन्युअलच टाका, कायमची कटकट मिटेल.' घाई करू नका. आवाज कधी येतो ते आधी पाहा.

हायड्रॉलिक टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं, म्हणून सकाळी स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखडला आणि गप्प झाला तर ठीक. गरम इंजिन आयडलला खडखडत असेल तर मात्र आधी तेलाची पातळी, मग ऑइल फिल्टर बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात जुनं तेल पातळ पडून दाब कमी होतो आणि दोष टेन्शनरला लागतो. तेलाची ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तिकेत असेल तीच घाला.

मेकॅनिकल टेन्शनर स्प्रिंग आणि रॅचेटवर चालतो, तेलावर अवलंबून नसतो. इथे सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे त्याचे दोन बोल्ट नुसते ढिले करून परत आवळणं. ढिले केल्याबरोबर प्लंजर, म्हणजे चेनकडे ढकलणारा दांडा, पुढे सरकतो, रॅचेटचे दाते त्याला मागे येऊ देत नाहीत. मग बोल्ट आवळले की चेन आणि गाईडवर (चेन जिच्यावरून घसरते ती पट्टी) जबरदस्त ताण बसतो. ढिला केलाच तर पूर्ण काढा, प्लंजर मागे दाबून लॉक करा, नवी गॅस्केट घाला, बसवून झाल्यावर लॉक सोडा. सहा एमएम बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे; ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात.

काढण्याआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला आणा. टेन्शनर बाहेर असताना किक मारू नका, सेल्फही नको. चेन गिअरच्या दातांवरून सरकली तर व्हॉल्व्ह वाकू शकतात.

मॅन्युअल बोल्टवाला साधा आणि भरवशाचा, पण त्याला माणूस लागतो. चेन ताणत जाते तसा तो दर काही हजार किलोमीटरला बघावा लागतो. थंड इंजिनवर घट्ट आवळला तर गरम झाल्यावर आणखी घट्ट होतो, कारण सिलिंडर चेनपेक्षा जास्त फुगतो. मग गाईड झिजतात. गरम इंजिन आयडलला ठेवून आवाज येईपर्यंत किंचित ढिला करा, आवाज जेमतेम थांबेल इतका परत फिरवा, नटाने लॉक करा. रोज शेतातून बाजारात जाणाऱ्या गाडीला हा उद्योग कोण करणार? कंपनीने जो प्रकार दिला तोच ठेवणं बरं. हायड्रॉलिक काढून मेकॅनिकल लावायचा म्हटलं तर तेलाचं भोकही नीट बंद करावं लागतं.

प्लंजर जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला दिसला तर कोणताही टेन्शनर उपयोगाचा नाही. चेन ताणली आहे. चेन, गाईड आणि टेन्शनर एकदमच बदला.

आणि पुशरॉडवाल्या जुन्या बुलेटला ही चेनच नसते, तिथे कॅम गिअरवर फिरतो. तिच्या टकटकीसाठी टॅपेट बघा.