शीप, डिअर, बायसन: एक की अनेक?

दाजीपूरच्या गव्यांवर इंग्रजी निबंध लिहायला सांगा, हमखास 'बायसन्स' येतात. तो शेवटचा एस खोडा. शीप, डिअर, बायसन, मूस, सॅमन ही नामं दोन्ही वचनांत सारखीच राहतात.

संख्या शेजारच्या शब्दांत शोधायची. अ, धिस, इज, हॅज असेल तर एक. दीज, मेनी, आर, हॅव असेल तर अनेक. 'द शीप रॅन' मात्र फसवतं, कारण भूतकाळी क्रियापद दोन्हीकडे तेच. तिथे टू किंवा मेनी घालून वाक्य स्पष्ट करा.

रंकाळ्यातले मासे कितीही असोत, फिशच. निरनिराळ्या जाती सांगताना फिशेस चालतं. म्हशींसाठी बफेलो आणि बफेलोज दोन्ही बरोबर. गोटला सवलत नाही, एस लावाच.