ऑनलाइन घेतलेली ठासणीची रायफल निराश करते तेव्हा

अमेरिकेत बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारी ठासणीची रायफल (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची) बहुतेक राज्यांत थेट घरपोच मिळते, कारण 1968 चा संघीय बंदूक नियंत्रण कायदा तिला सामान्य बंदुकांत धरत नाही; भारतात मात्र तिलाही परवाना लागतो. खोके उघडल्यावर दस्त्याला चीर किंवा नळीत गंज दिसला, तर पुसापुशी न करता आधी छायाचित्रे काढून विक्रेत्याला लेखी कळवावे आणि परताव्याची मुदत पाहावी, कारण बार उडवलेली बंदूक बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

वापरलेली रायफल भरलेली असू शकते, हे गृहीत धरूनच तिला हात लावावा. गज (दारू-गोळी ठासायची सळई) नळीच्या तोंडातून तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक निपलच्या (दारू पेटवणारी टोपी जिच्यावर बसते ती मागची छोटी नळी) बरेच अलीकडे थांबले, तर आत बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, आहे असे समजून ती जाणकार बंदूक-कारागिराकडेच न्यावी.

निशाणा लागत नाही ही तक्रार मात्र जरा सबुरीने करावी, कारण दोष चुकीच्या गोळीचाही असू शकतो. .50 कॅलिबरच्या नळीला सहसा .490 इंचाची गोळी आणि तिच्याभोवती बसणारी सुमारे .015 इंच जाडीची कापडी चकती लागते. नळीच्या आतल्या, 28 इंचांत एक फेरा घेणाऱ्या पिळदार खाचा लांबट गोळीसाठी असतात, त्यांत गोल गोळी जोरदार बाराने सहसा भरकटते. तेलाची चिंधी फिरवताना ती दर वेळी एकाच जागी अडकून फाटत असेल, तर तिथे गंजाने खड्डे पाडलेले असतात, आणि अशी रायफल परत पाठवणेच बरे.