जुनी बोर्दो उघडताना

वीस-पंचवीस वर्षं मुरलेल्या, फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या रेड वाईनची खरी तयारी बूच काढण्याआधीच करायची असते. एकदा ते निघालं की हातात फार वेळ उरत नाही.

बाटली आडवी ठेवून मुरवलेली असते, त्यामुळे साका, म्हणजे वाईनमधला गाळ, तिच्या कुशीला धरलेला असतो. पिण्याच्या निदान दोन दिवस आधी ती उभी करा. आठवडा मिळाला तर उत्तमच. द्राक्षाच्या सालीतले तुरट घटक आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना जोडली जातात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून तर रंग विटकरीकडे झुकतो आणि तुरटपणा मवाळ होतो. साका अपायकारक नाही, पण कडवट आणि कचकचीत लागतो. प्रवासातून आलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडू नका, सगळा साका ढवळलेला असतो.

उभ्या बाटलीत वाईनची पातळी बघून घ्या. मानेपर्यंत असेल तर छान. खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरली असेल तरी या वयाला चालतं. अर्ध्या खांद्याशी असेल, तर बुचातून हवा आत गेली असण्याची शक्यता बरीच, तेव्हा दुसरी एखादी बाटली हाताशी असू द्या.

‘रूम टेंपरेचर’चा सल्ला थंड हवेच्या युरोपातल्या जुन्या घरांचा आहे. मुंबईतल्या तीस अंशांत तो पाळला तर नाकात फक्त अल्कोहोल जाईल. १६ ते १८ अंश हवेत. ओतताना १६ असू द्या, ग्लासात ती आपोआप चढते.

आता बूच. बोर्दोचं बूच लांब असतं, बऱ्याचदा पाच सेंटिमीटरच्या आसपास, आणि जुनं झालं की भुसभुशीत होतं. साधा स्क्रू त्याचे दोन तुकडे करतो. ‘आ-सो’ म्हणजे दोन पात्यांचा बूच-काढणा घ्या. लांब पातं आधी काच आणि बूच यांच्यामध्ये सरकवा, मग आखूड. दोन्ही बाजूंना आळीपाळीने डोलवत मूठ बुचाला टेकेपर्यंत खाली न्या आणि फिरवत फिरवत वर ओढा. दाबताना बूच आत जातंय असं वाटलं तर लगेच थांबा. सैल बुचाला तिरका घातलेला लांब स्क्रूच बरा. तुकडे पडलेच तर बारीक स्टीलच्या गाळणीतून किंवा साध्या पाण्यात धुतलेल्या मलमलीतून गाळा. कॉफीचा कागदी फिल्टर नको, कागदाचा वास वाईनला लागतो. बुचावरच्या टोपणाखाली काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्याने बाटलीचं तोंड पुसून घ्या.

डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून घ्यायच्या काचेच्या सुरईत, ओतताना बाटलीच्या खांद्याखाली मेणबत्ती किंवा टॉर्च धरा. एकाच संथ धारेत ओता, मध्ये बाटली सरळ केली की साका उसळतो. धुरासारखी रेघ मानेशी आली की थांबा. तळाशी ५०-७५ मिलिलिटर राहिली तर राहू द्या, तिच्या लोभाने वरची सगळी गढूळ होते. हे काम पिण्याच्या अगदी आधी करा. तरुण वाईनसारखी दोन तास हवेवर ठेवलीत, तर नाजूक सुगंध उडून जातो. फ्रान्सच्याच बर्गंडी भागातली, पिनो न्वार जातीच्या द्राक्षाची जुनी वाईन असेल तर साका कमी असतो. ती सहसा बाटलीतूनच, हलक्या हाताने ओततात.

मोठ्या पोटाचा ग्लास एक तृतीयांश भरा. पहिला वास कोंदट आला तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, तो बहुधा निघून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास मात्र जात नाही, उलट वाढतो. तो बुचाचा दोष. व्हिनेगरचा झणका किंवा शेरीसारखा वास आणि तपकिरी रंग असेल तर वाईन गेली. चांगल्या बाटलीत, विशेषतः काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षावर बेतलेल्या, बोर्दोतल्याच मेदोक भागाच्या वाईनमध्ये, देवदाराचं लाकूड, तंबाखू, चामडं, सुकं आलुबुखार आणि ओल्या मातीचा वास एकामागोमाग उलगडतो. दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा, ती बदलत राहते.

सोबत भाजलेलं कोकरू किंवा लोण्यात परतलेले मश्रूम, मीठ-मिरपूड बेताचीच. लाल तिखट आणि चिंच तिला झाकून टाकतात. बाटलीतून साधारण सहा ग्लास होतात. माणसं तेवढीच बोलवा आणि त्याच संध्याकाळी संपवा, उद्यासाठी राखलेली जुनी वाईन सकाळी बेचव असते.