क्वासिकोहेरंट शीफ शिकताना या चुका टाळा

दर रविवारी नांदेडला माझ्याकडे एमएस्सी झालेली पाच-सहा पोरं बीजगणितीय भूमितीतल्या स्कीम (रिंगांपासून बनवलेले अवकाश) शिकायला येतात. कुणी देगलूरहून, कुणी पार उदगीरहून एसटीनं. शीफ म्हणजे प्रत्येक ओपन सेटला त्यावरचे सेक्शन (फलनासारख्या वस्तू) जोडून देणारी, तुकडे नीट जुळवणारी रचना. त्यातले क्वासिकोहेरंट शीफ आले की गाडी ठरलेल्या जागीच अडते.

ओएक्स-मॉड्यूलचा (ज्याच्या सेक्शनना स्कीमवरच्या फलनांनी गुणता येतं असा) प्रत्येक शीफ क्वासिकोहेरंट असतो, असं धरून चालू नका. अफाइन स्कीमवर, म्हणजे एकाच रिंगच्या स्पेकवर (तिच्या प्राइम आयडियलांच्या अवकाशावर), क्वासिकोहेरंट असण्याची अट अशी: डी(एफ), म्हणजे एफ जिथे शून्य होत नाही तो ओपन सेट, त्यावरचे सेक्शन म्हणजे सगळीकडचे सेक्शन घेऊन छेदात एफचे घात लिहायची मुभा. जास्त नाही, कमीही नाही. ज्या अपूर्णांकांच्या छेदाला ५ ने भाग जात नाही, त्यांची रिंग घ्या. तिच्या स्पेकमध्ये बिंदू दोनच. रिकामा सोडला तर ओपन सेटही दोनच, पूर्ण स्पेक आणि एकटा जेनेरिक बिंदू (० आयडियलचा), म्हणजेच डी(५). पूर्ण स्पेकवर ० ठेवा, जेनेरिक बिंदूवर सगळ्या परिमेय संख्या. शीफच्या अटी पुऱ्या होतात. पण ० च्या छेदात ५ कितीही वेळा लिहा, ० च राहणार. हा शीफ क्वासिकोहेरंट नाही. हे उदाहरण प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं कागदावर करावंच.

क्वासिकोहेरंट शीफचे ग्लोबल (पूर्ण स्कीमवरचे) सेक्शन ० म्हणजे शीफ ०, हे अफाइनवर खरं, सगळीकडे नाही. प्रोजेक्टिव्ह रेषेवरच्या ओ(-१) या शीफला ० सोडून ग्लोबल सेक्शन नाहीत, तरी तो लाइन बंडल (स्थानिक पातळीवर फलनांच्या शीफसारखा) आहे, ० नाही. कोहेरंट आणि क्वासिकोहेरंट यांचीही गल्लत नको: स्पेक झेडवर (झेड म्हणजे पूर्णांकांची रिंग) परिमेय संख्यांचा शीफ क्वासिकोहेरंट आहे, कोहेरंट नाही, कारण तो फायनाइटली जनरेटेड (मोजक्या सेक्शनांपासून तयार होणारा) नाही.

खरी फसगत अनंत प्रॉडक्टमध्ये होते. डायरेक्ट सम घेतला तर काही बिघडत नाही, कारण प्रत्येक घटकात शून्येतर पदं मोजकीच असतात. म्हणून पोरं प्रॉडक्टलाही तेच लावतात. स्पेक झेडवर स्ट्रक्चर शीफच्या (फलनांच्याच शीफच्या) अनंत प्रती घेऊन प्रॉडक्ट केला आणि डी(२) वर १, १/२, १/४, १/८… ही क्रमिका फळ्यावर लिहायला सांगितली. लिहिणारी मुलगी १/८ पाशी थांबली. "सर, ह्याच्या छेदांचा लसावि कसा काढायचा? निघतच नाही की!" नेमकं तेच. सामाईक छेद नाही, म्हणून ही क्रमिका पूर्ण स्पेकवरच्या कुठल्याही सेक्शनला २ च्या घातानं भागून मिळत नाही.

पुशफॉरवर्ड करतानाही (शीफ मॅपवरून पुढच्या स्कीमवर नेताना) आधी मॅप क्वासिकॉम्पॅक्ट (अफाइन ओपन सेटचं प्रिइमेज मोजक्या अफाइन तुकड्यांनी झाकलं जातं) आणि क्वासिसेपरेटेड (त्यांतल्या दोन तुकड्यांचा छेदही तसाच झाकला जातो) आहे का ते बघा. स्पेक झेडच्या अनंत सुट्या प्रतींचं डिसजॉइंट युनियन स्पेक झेडवर आणलं, की स्ट्रक्चर शीफचा पुशफॉरवर्ड म्हणून तोच, क्वासिकोहेरंट नसलेला प्रॉडक्ट हातात येतो.