इंग्रजीत ‘कष्ट’ लिहिताना या चुका टाळा

“शी इज अ लेबोरियस अँड सिन्सियर स्टुडंट.” शिफारसपत्रात हे वाक्य लिहिणाऱ्या सरांना एवढंच म्हणायचं असतं की मुलगी कष्टाळू आहे. पण आजच्या इंग्रजीत ‘लेबोरियस’ हे विशेषण कामाला लागतं, माणसाला लागत नाही. वेळखाऊ, जिकिरीचं, करता करता जीव मेटाकुटीला येतो ते काम ‘लेबोरियस’. कष्टाळू माणूस हा अर्थ एकेकाळी या शब्दाला होता आणि काही डिक्शनऱ्यांत तो अजून सापडतो, म्हणूनच फसगत होते. शिफारसपत्रात सरळ ‘हार्डवर्किंग’ लिहावं. जरा वजनदार हवं असेल तर ‘डिलिजंट’ किंवा ‘इंडस्ट्रियस’. याच घराण्यातला ‘लेबर्ड’ तर आणखी वेगळा. दम्याच्या पेशंटचा श्वास ‘लेबर्ड’ असतो, आणि ओढूनताणून केलेला विनोदही.

या सगळ्या गोंधळाचं मूळ डिक्शनरीतल्या अर्थाच्या रांगेत आहे. टॉइल, लेबर, ड्रजरी, ग्राइंड, ट्रॅव्हेल, कुठलाही शब्द काढा, पुढे कष्ट, श्रम, मेहनत हीच तीन नावं. त्यातून आपल्याकडे ‘कष्ट’ या शब्दाला मान आहे. ‘कष्टाचं खातो’ हे आपण छाती पुढे काढून सांगतो. इंग्रजीतल्या शब्दांपैकी थोड्यांच्याच वाट्याला तो मान आलाय; बाकीच्यांत कुरकुर भरलेली आहे. म्हणून काम किती जड होतं हे नंतर बघा. आधी ठरवा की तुम्ही कौतुक करताय की तक्रार.

आईच्या कष्टांना ‘ड्रजरी’ म्हणणं

परदेशी प्रवेशाच्या निबंधात हमखास येणारं वाक्य: “माय मदर्स ड्रजरी मेड मी व्हॉट आय ॲम.” भावना खरी आहे, शब्द घात करतो. ‘ड्रजरी’ म्हणजे कंटाळवाणं, हलकं मानलेलं, संपता न संपणारं काम. आज घासलेली भांडी उद्या पुन्हा खरकटी, आज भरलेला हंडा संध्याकाळी रिकामा. या शब्दात घामापेक्षा जास्त रटाळपणा आहे, आणि अशा कामातून काही उभं राहतं असं तो सुचवतच नाही. मग अशा कामाने मुलगा घडला कसा, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. तिथे ‘माय मदर्स हार्ड वर्क’ पुरे. साधा शब्द आहे म्हणून लाजू नका.

तक्रारच करायची असेल तेव्हा मात्र ‘ड्रजरी’सारखा शब्द नाही. बाईला रोज मैलभर चालून पाणी आणावं लागतं, दिवसभर वाकून निंदणी करावी लागते, हे बदलायला हवं असं म्हणायचं आहे? मग तो अगदी चपखल आहे. शेतकरी महिलांसाठी सुधारित विळे, टोकणयंत्रं यांवर काम करणारे आपले कृषी शास्त्रज्ञ ‘ड्रजरी रिडक्शन’ म्हणतात ते याच अर्थाने. संस्थेचा अहवाल लिहिताना तो बिनदिक्कत वापरा.

काम करणाऱ्या माणसाला ‘ड्रज’ म्हणतात. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या शब्दकोशात ‘लेक्सिकोग्राफर’ या नोंदीखाली स्वतःच्याच जमातीला ‘हार्मलेस ड्रज’ म्हणजे निरुपद्रवी घाण्याचा बैल म्हटलं. स्वतःबद्दल म्हटलं म्हणून ती गंमत झाली. दुसऱ्याबद्दल म्हणाल तर शिवी होईल.

एक्सेल शीटवर ‘टॉइल’ करणं

‘टॉइल’ मोठ्या कामाचा, मोठ्या प्रसंगाचा शब्द आहे. शरीर झिजवणारे, दीर्घकाळ चाललेले श्रम. लॅटिनमध्ये ऑलिव्ह चेचायच्या यंत्राला ‘टुडिक्युला’ म्हणत, तिथून फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत आला. 13 मे 1940 रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चिल म्हणाले की माझ्याकडे द्यायला ‘ब्लड, टॉइल, टिअर्स अँड स्वेट’ याखेरीज काही नाही. लोकांच्या तोंडी पुढे ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ एवढंच राहिलं. चारांतला नेमका ‘टॉइल’ गळाला. बोलण्यात तो तेव्हाही फारसा नव्हता, आजही नाही.

त्यामुळे “आय टॉइल्ड ऑन द रिपोर्ट फॉर टू डेज” असं साहेबांना मेलमध्ये लिहिलंत तर ते थट्टेत किंवा रडगाण्यात जमा होतं. पोवाड्याची भाषा पगाराच्या अर्जात आली की जसं वाटेल तसं. शेतकरी, खाणकामगार, धरणावर राबलेली माणसं यांच्याबद्दल लिहिताना ‘टॉइल’ शोभतो. दोन दिवसांच्या रिपोर्टसाठी ‘वर्क्ड हार्ड ऑन’. आणि अनेकवचनात ‘टॉइल्स’ दिसलं तर सावध व्हा. तो जाळं या अर्थाचा वेगळाच शब्द आहे. ‘इन द टॉइल्स ऑफ द लॉ’ म्हणजे कायद्याच्या कचाट्यात.

चार ‘लेबर्स’ पाठवा

‘आज दोनच लेबर आले’ हे मराठीत पक्कं रुजलंय, त्याला हरकत नाही. पण कंत्राटदाराच्या इंग्रजी पत्रात “सेंड फोर लेबर्स” झालं की गडबड. इंग्रजीत ‘लेबर’ म्हणजे एकूण मजूरवर्ग किंवा एकूण श्रम. एकट्यादुकट्या माणसाला ‘लेबरर’ किंवा ‘वर्कर’. ‘लेबर्स’ असं अनेकवचन आहे, पण ते हर्क्युलिसच्या बारा पराक्रमांसाठी. चार पराक्रम कुठल्या साइटवर पाठवणार?

या शब्दाला आणखी दोन खड्डे आहेत. ‘हार्ड लेबर’ हे सक्तमजुरीचं नाव आहे. 1860च्या भारतीय दंड संहितेत सश्रम कारावासाची फोड याच दोन शब्दांनी केली होती. त्यामुळे “आय पास्ड द एक्झाम विथ हार्ड लेबर” वाचून परीक्षा तुरुंगातून दिली की काय असं वाटतं. आणि ‘लेबर’ म्हणजे बाळंतपणाच्या कळासुद्धा. त्याच वाक्यात पुढे “डिलिव्हर्ड द प्रोजेक्ट” लिहिलंत तर पेढेच वाटायला हवेत.

‘वर्क’चंही मोजणीचंच दुखणं. ‘मला बँकेत एक काम आहे’चं “आय हॅव अ वर्क इन द बँक” करू नका, ‘सम वर्क ॲट द बँक’ म्हणा. ‘वर्क्स’ येतं ते साहित्यकृती, कारखाना किंवा बांधकामं या अर्थाने. पीडब्ल्यूडीतला ‘डब्ल्यू’ तोच.

‘मेनियल’ आणि ‘मॅन्युअल’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण हिच्यात दुसऱ्याचा अपमान होतो. अंगमेहनतीचं काम म्हणजे ‘मॅन्युअल’. ‘मेनियल’ म्हणजे हलकं, नोकरचाकरांचं मानलेलं. “ही डिड मेनियल जॉब्स टू एज्युकेट हिज चिल्ड्रन” असं वडिलांबद्दल अभिमानाने लिहिलेलं दिसतं, तेव्हा वाईट वाटतं. आपल्याकडच्या कायद्याने हा फरक नीट पाळलाय. 1969च्या माथाडी कायद्याच्या इंग्रजी नावात माथाडी, हमाल यांच्यापुढे ‘अदर मॅन्युअल वर्कर्स’ आहे. रोजगार हमीच्या कायद्यातही ‘अनस्किल्ड मॅन्युअल वर्क’ आहे. पाठीवरून पोती वाहणाऱ्या माणसाचं काम जड असतं, हलकं नसतं.

‘टेक एफर्ट्स’

मराठी माणसाची इंग्रजी ओळखायची असेल तर ही खूण पुरते. आपण मेहनत घेतो, परिश्रम घेतो, म्हणून “वुई टुक लॉट ऑफ एफर्ट्स”. इंग्रजीत एफर्ट ‘मेक’ करतात किंवा ‘पुट इन’ करतात. गंमत अशी की ‘टेक पेन्स’ आणि ‘टेक ट्रबल’ हे दोन्ही अगदी शुद्ध आहेत. घ्यायचंच असेल तर ते घ्या. फक्त ‘टेक पेन्स’मध्ये काळजीपूर्वक, बारकाईने केल्याची छटा आहे, दमल्याची नाही. त्यातूनच ‘पेन्सटेकिंग’ आला. वेदनादायक असा त्याचा अर्थ लावून “पेन्सटेकिंग जर्नी” लिहू नका. हस्तलिखितं ताडून पाहणाऱ्या संशोधकाचं काम पेन्सटेकिंग.

“शी वर्क्स हार्डली” ही चूक शाळेत सुधारलेली असते, तरी घाईत डोकं वर काढते. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम.

‘स्लॉग’ आणि ‘ग्राइंड’

क्रिकेटमुळे ‘स्लॉग’ आपल्याला माहीत आहे तो वेगळा: शेवटच्या षटकांत डोळे मिटून दांडपट्टा. कामाच्या बाबतीत चित्र उलटं. ‘अ लाँग स्लॉग’ म्हणजे चिखलातून चालल्यासारखं, संथ, चिवट, संपायचं नाव न घेणारं. “वुई स्लॉग्ड थ्रू द ऑडिट” म्हणजे ऑडिट धडाक्यात उरकलं असं नाही, कसंबसं तडीला नेलं.

‘ग्राइंड’ हा रोजच्या रहाटगाडग्याचा शब्द. ‘द डेली ग्राइंड’मध्ये लोकलची गर्दी, डबा, पंचिंग, परतीची लोकल सगळं आलं. अमेरिकन कॉलेजांत सतत अभ्यास करणाऱ्यालाही ‘ग्राइंड’ म्हणतात. आपला घासू तो हाच. हल्ली स्टार्टअपवाले आणि जिमवाले तोच शब्द अभिमानाने मिरवतात. इन्स्टाग्रामवर ठीक आहे, पण नोकरीच्या अर्जात “आय एंजॉय द ग्राइंड” वाचून जरा वयस्क मॅनेजर भुवया उंचावेल. भूतकाळी रूप ‘ग्राउंड’ आहे, ‘ग्राइंडेड’ नाही.

थोडक्यात उरकण्यासारख्या

‘हेक्टिक’ म्हणजे धावपळीचं. दिवसभर एकाच जागी बसून सातबाराच्या नोंदी टाइप केल्या तर ते ‘टीडियस’, हेक्टिक नव्हे. ‘टायरिंग’ दमवतं, ‘टायरसम’ वैताग आणतं. प्रवास दमवणारा होता आणि सहप्रवासी टायरसम होता असं होऊ शकतं. ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे हालअपेष्टा. तीन खांबांच्या छळयंत्राच्या लॅटिन नावावरून तो आला. प्रवासाचा ‘ट्रॅव्हल’ त्याचाच भाऊ. स्पेलिंगमध्ये ‘ई’च्या जागी ‘एआय’ पडलं की सहल खस्ता होते.

पाट्या टाकण्याचं इंग्रजी

यासाठी बरेच जण ‘डाँकी वर्क’ वापरतात. ते चूक आहे. डाँकी वर्क म्हणजे एखाद्या कामातला कष्टाचा, कंटाळवाणा भाग, जो कुणीतरी इमानाने उपसतो आणि ज्याचं श्रेय बहुधा दुसऱ्याला जातं. पाट्या टाकणाऱ्याला इमानाशी देणंघेणं नसतं. त्याच्यासाठी ‘ही इज जस्ट गोइंग थ्रू द मोशन्स’ म्हणा. वार्षिक मूल्यमापनात “ही डिड ऑल द डाँकी वर्क” असा शेरा कुणी मारला असेल, तर तो वाचून रागावू नका. ती तक्रार तुमच्याबद्दल नाही, उलट तुमच्या बाजूची आहे. फक्त स्वतः कुणाच्या फॉर्मवर तो लिहू नका. ‘लेगवर्क’ लिहावं ते माहिती गोळा करायला, माणसं भेटायला कुणी वणवण केली असेल तर, आणि ‘स्पेडवर्क’ लिहावं ते प्रकल्प सुरू होण्याआधीची जमीन कुणी खणून ठेवली असेल तर.