रिसीव्हर पगार वाढवून मागतोय: ठेवायचा की सोडायचा, हिशोब कसा लावायचा

दर वर्षी फेब्रुवारी सरत आला की एनएफएल, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमधला कुठला तरी चांगला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारा गडी, पगार वाढवून मागतो आणि इकडं आमच्या बेळगावच्या ग्रुपवर भांडणं सुरू. आपल्याकडं फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा तोच, पण रविवारी रात्री साडेदहाला जेवणं आटपून मोबाईलवर अमेरिकेतला हातानं खेळायचा फुटबॉल लावून बसणारी आमच्यासारखी येडी पण आहेत, टिळकवाडीत आहेत, खानापुरात आहेत, निपाणीत पण आहेत. भांडणात पार्ट्या दोनच. एक म्हणते हिरो आहे, मागेल तेवढं द्या की. दुसरी म्हणते काय बोलूलालास तू, बॉल पकडायला वर्षाला तीन कोटी डॉलर, नवीन पोरगं आणा की ड्राफ्टमधनं (ड्राफ्ट म्हणजे टीमनी पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडायची). दोन्ही पार्ट्या बातमीतला आकडा बघून बोलतात, हिशोब कोणच लावत नाही. म्हणून हे लिहितोय, टीम कुठलीही असू दे, वर्ष कुठलंही असू दे, असं बसून बघायचं.

सगळ्यात आधी बातमीतला मोठा आकडा बाजूला ठेवा. "४ वर्षं, १२ कोटी डॉलर" असं छापून येतंय ते एजंटला मिरवायला असतंय. त्यातला शेवटच्या वर्षाचा पगार बऱ्याचदा असा फुगवून ठेवलेला असतो की तो कधी दिलाच जात नाही, त्याच्या आधीच टीम त्याला काढते नाहीतर नवा करार करते. बघायच्या गोष्टी दोन, गॅरंटी किती आणि दर वर्षी सॅलरी कॅपवर किती बसतंय. सॅलरी कॅप म्हणजे प्रत्येक टीमला खेळाडूंवर खर्चायची सारखीच मर्यादा, २०२४ ला ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, २०२५ ला २७ कोटी ९२ लाख झाली. मालक कितीही गब्बर असू दे, ह्याच्या वर जाता येत नाही. त्यामुळं रिसीव्हरला दिलेला रुपाया दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातला असतो, मालकाच्या खिशातला नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

गॅरंटी आणि बोनस हा प्रकार आमच्या अथणीच्या दोस्ताला काही केल्या कळत नव्हता. त्याच्या काकांचा ट्रॅक्टर आहे, ऊसतोडीला लावतात. मग त्याला म्हटलं, अरे ही उचल आहे की रे. हंगामाच्या आधी मुकादमाला उचल दिली, टोळी आली तर फिटली, टोळी अर्ध्यात पळाली आणि मुकादम फोन उचलेना झाला तर पैसे तुमच्या वहीत तसेच उभे. एनएफएलमध्ये पण तेच, सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खिशात लगेच जातो पण टीमच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून लिहिता येतो. समजा ४ वर्षांच्या करारात ३ कोटी बोनस दिला, तर दर वर्षी ७५ लाख लिहायचे. दोन वर्षांनी त्याला काढलं किंवा ट्रेड केलं की उरलेले दीड कोटी कॅपवर येऊन आदळतात, माणूस दुसऱ्या टीमच्या जर्सीत आणि खर्च तुमच्या नावावर. त्याला डेड मनी म्हणतात. जूनच्या १ तारखेनंतर काढलं तर ते दोन वर्षांत विभागता येतंय, तेवढाच दिलासा.

बफेलो बिल्सनं २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचा रिसीव्हर स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टनला दिलं तेव्हा असे सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर एका वर्षात अंगावर घेतले. आणि तरीपण त्या सीझनला १३-४ केलं (१३ जिंकले, ४ हरले), क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा जॉश ॲलन एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू झाला, बॉल चार-पाच जणांत वाटला. हे उदाहरण 'सोडा त्याला' म्हणणारी पार्टी फार नाचवते. पण त्यातलं मुख्य नाव ॲलनचं आहे, हे ती पार्टी सांगत नाही.

तर दुसरं बघायचं ते हेच, बॉल फेकणारा कोण आहे आणि त्याचा पगार काय. माझ्या मते ह्या सगळ्या भानगडीत सगळ्यात जड प्रश्न हाच. २०२२ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन मोठे रिसीव्हर गेले. ग्रीन बेनं दावान्ते ॲडम्स रेडर्सला दिला आणि कॅन्सस सिटीनं टायरिक हिल मायामीला, पाच ड्राफ्ट पिक, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या घेऊन. कॅन्सस सिटीनं त्यातलीच पिकं वापरून वर सरकून ट्रेंट मॅकडफी नावाचा कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा डिफेन्सवाला घेतला, आणि पुढचे दोन्ही सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले. ग्रीन बे ८-९ वर अडकली, प्लेऑफ (बाद फेरी) पण नाही. दोघांकडं नावाजलेले क्वार्टरबॅक होते की, मग फरक कुठं पडला? कॅन्सस सिटीचा महोम्स तेव्हा भरात होता, ट्रॅव्हिस केल्सीसारखा दुसरा भरवशाचा हात त्याच्याकडं होता. ग्रीन बेच्या रॉजर्सचं वय ३८, आणि ॲडम्स गेल्यावर त्याच्याकडं विश्वासाचं कोणच उरलं नव्हतं. म्हणजे "क्वार्टरबॅक चांगला आहे, रिसीव्हर कुठला पण चालतोय" हे अर्धवट झालं, मागं दुसरा कोण आहे ते पण बघावंच लागतंय.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या रात्री टेनेसीनं ए. जे. ब्राऊन फिलाडेल्फियाला देऊन टाकला, पगार द्यायचा नव्हता म्हणून. आलेल्या १८ व्या पिकवर ट्रेलॉन बर्क्स घेतला, स्वस्तातला ब्राऊन म्हणून. डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियात दोघं समोरासमोर आले, ब्राऊननं ११९ यार्ड आणि दोन टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडं नेणं) मारले, टेनेसी ३५-१० नं हरली, दोन दिवसांत त्यांच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली. आता फिलाडेल्फियाला ब्राऊनला ४ वर्षांचे १० कोटी देणं परवडलं कसं? त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडचा, अजून पहिल्याच स्वस्त करारावर होता. मिनेसोटाचं पण बघा, २०२४ ला कर्क कझिन्सला जाऊ दिलं, सॅम डार्नोल्डला एक कोटीत एका वर्षासाठी आणलं आणि जस्टिन जेफरसनला ४ वर्षांचे १४ कोटी दिले, त्यातले ११ कोटी गॅरंटी. १४-३ केलं. क्वार्टरबॅक स्वस्त असला की रिसीव्हरला खुशाल द्या, हा नियम मी तरी डोळे झाकून पाळतो. क्वार्टरबॅक महाग असला की मग नीट बसून बघायचं.

आता माणूस खरंच तेवढ्याचा आहे का, हे ओळखायचं कसं. पकडलेले बॉल आणि यार्ड सगळेच बघतात, त्यावर जाऊ नका, मागं पडलेल्या टीमचा रिसीव्हर चौथ्या क्वार्टरमध्ये फुकटचे यार्ड गोळा करतो. त्यापेक्षा एक काम करा. त्याच्या एका मॅचचा रिप्ले लावा आणि त्याच्याकडं बॉल आलाच नाही अशा खेळी बघा, दहा-बारा पुरे. स्नॅपच्या आधी, म्हणजे बॉल मागं देऊन खेळी सुरू व्हायच्या आधी थांबवा. सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचा सगळ्यात मागचा राखणदार, कुठं उभा आहे? बॉल सुटल्याबरोबर तो कुणाच्या बाजूला झुकतोय? जर दर दुसऱ्या खेळीला कॉर्नर आणि सेफ्टी दोघं त्याच्याच मागं पळत असतील आणि त्यामुळं पलीकडचा टाईट एंड (अडवतो पण आणि बॉल पकडतो पण असा गडी) मोकळा उभा असेल, तर हा माणूस बॉल न पकडता पण कमावून देतोय. आणि जर डिफेन्स त्याला एकट्या कॉर्नरवर सोडून निवांत असेल, तर त्याचे यार्ड सिस्टिमचे आहेत, कोचनं काढून दिलेले. अशाला वरच्या दर्जाचा पगार द्यायचा नाही, दुसऱ्या नंबरचा द्यायचा, नाही घेतला तर राम राम. थर्ड डाऊनच्या (दहा यार्ड काढायच्या चारातल्या तिसऱ्या प्रयत्नाच्या) खेळी वेगळ्या बघा, सात-आठ यार्ड पाहिजेत आणि सगळ्या स्टेडियमला माहीत आहे बॉल कुणाकडं जाणार, तरी तो मोकळा होतोय का. न्यूयॉर्क जायंट्सनं २०२१ ला केनी गॉलडेला ४ वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले ते डेट्रॉइटमधले जुने टचडाऊन बघून, दोन सीझनमध्ये जायंट्ससाठी त्यानं एकच टचडाऊन केला आणि २०२३ च्या मार्चमध्ये घरी पाठवला.

वयाचं फार सांगायला नको. पगार पुढच्या वर्षांचा द्यायचा असतो, झालेल्या कामाची बक्षिसी नसते ती, आणि वेगावर खेळणारा तिशीला आला की घसरण लवकर दिसते, उंच आणि हाताचा पक्का असेल तर थोडी उशिरा. २६ चा असेल तर चार वर्षं द्या, २९ चा असेल तर गॅरंटी दोन वर्षांच्या पुढं जाऊ देऊ नका, एजंट किती पण फोन करू दे.

पण खरी गंमत वेळेची आहे, आणि इथं टीम स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतात. ड्राफ्टमधनं आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो, तिसरा सीझन संपला की वाढवून देता येतो. त्याच उन्हाळ्यात द्यायचा. थांबलं की दर चढतो, कारण मधल्या काळात दुसऱ्या टीम आपापल्या रिसीव्हरला जास्त देऊन बसतात आणि तुमचा माणूस म्हणतो मला त्याच्यापेक्षा एक रुपाया जास्त. सिनसिनाटीनं जमार चेसला २०२४ च्या उन्हाळ्यात लटकवत ठेवलं. तेव्हा बाजारातला सगळ्यात वरचा दर जेफरसनचा, वर्षाला साडेतीन कोटी. पठ्ठ्यानं त्या सीझनला १२७ कॅच, १७०८ यार्ड, १७ टचडाऊन, तिन्हीत पहिला. २०२५ च्या मार्चमध्ये ४ वर्षांचे १६ कोटी १० लाख द्यावे लागले, म्हणजे वर्षाला चार कोटीच्या वर. आणि एवढा खेळून पण २०२४ ला टीम ९-८, प्लेऑफच्या बाहेर, कारण डिफेन्सची चाळण झाली होती. वर आणि त्यांचा दुसरा रिसीव्हर टी हिगिन्सला पण ४ वर्षांचे ११ कोटी ५० लाख दिले, क्वार्टरबॅक जो बरोला आधीच ५ वर्षांचे २७ कोटी ५० लाख. तिघंही भारी, पण कॅप एकच. मी त्यांच्या जागी असतो तर हिगिन्सला एक वर्ष आधीच विकला असता, आमच्या ग्रुपवर हे बोललं की मार खायची पाळी येते.

हिगिन्सवरनं टॅगचं सांगतो. करार संपलेल्या एका खेळाडूला टीम फ्रँचायझी टॅग लावून एक वर्ष धरून ठेवू शकते, रिसीव्हरचा हा आकडा २०२४ ला २ कोटी १८ लाखाच्या आसपास होता. परत दुसऱ्या वर्षी लावला तर वीस टक्के वाढवून. टॅगचा सगळा पैसा त्याच वर्षीच्या कॅपवर बसतो, वाटून लिहायची सोय नाही, त्यामुळं कॅप आधीच भरलेल्या टीमनं टॅग लावला की मार्चमध्ये दुसरं कुणालाच घेता येत नाही. टॅग लावायचा तो बोलणी पुरी करायला चार महिने मिळावेत म्हणून, जुलैच्या मध्यापर्यंत करार करता येतो. नुसता राग काढायला लावू नका, माणूस नाराज होऊन येतो आणि पुढच्या वर्षी फुकट जातो.

उन्हाळ्यात रिसीव्हर ट्रेनिंग कॅम्पला आला नाही म्हणून घाबरून जायचं पण कारण नाही. पूर्वी खेळाडू घरी बसायचे, आता करार असताना कॅम्प चुकवला की दिवसाला ४०-५० हजार डॉलर दंड बसतो, म्हणून हल्ली येतात आणि बाजूला टोपी घालून उभे राहतात, पाठ दुखतीय म्हणतात. हे नाटक बहुतेक वेळा ऑगस्टअखेर संपतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन आयूकनं २०२४ ला अख्खा कॅम्प असाच काढला, ऑगस्ट संपताना ४ वर्षांच्या १२ कोटींवर सही केली आणि ऑक्टोबरमध्ये गुडघा मोडून सीझन संपला. गुडघा काय सांगून मोडत नाही, पण सरावच न केलेल्या माणसाला घाईगडबडीत सही करून थेट मैदानात उतरवायचं का, हे टीमनं बघावं की. म्हणून तारीख आधीच ठरवा, ट्रेनिंग कॅम्प उघडायच्या आत झालं तर झालं, नाहीतर ह्या वर्षी जुन्याच पगारावर खेळ आणि सीझन संपल्यावर बोलू, हे तोंडावर सांगून टाका. एजंटला पण असं सरळ बोलणारं गिऱ्हाईक परवडतं.

सोडायचंच ठरलं तर फुकट सोडू नका. ट्रेड करायचा असेल तर ड्राफ्टच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, आलेलं पिक त्याच वर्षी वापरता येतंय. २०२० ला मिनेसोटानं डिग्जला असंच मार्चमध्ये बफेलोला दिलं आणि आलेल्या २२ व्या पिकवर जेफरसन घेतला, असं दर वेळी होत नाही, बर्क्स आठवा. पहिल्या राउंडचं पिक मिळत नसेल आणि तुमची टीम ह्या वर्षी जिंकायच्या जवळ असेल तर मी म्हणतो एक सीझन खेळवून घ्या आणि मग जाऊ द्या, कारण करार संपून तो दुसरीकडं मोठ्या पगारावर गेला तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये भरपाईचं पिक मिळतं, जास्तीत जास्त तिसऱ्या राउंडच्या शेवटी. फक्त त्याच मार्चमध्ये तुम्ही बाहेरचा तेवढ्याच किमतीचा फ्री एजंट (करार संपलेला मोकळा खेळाडू) घेतलात तर हे पिक वजा होतंय, त्यामुळं कुणाला सही करायच्या आधी ओव्हर द कॅप नाहीतर स्पॉट्रॅक ही पगाराच्या हिशोबाची वेबसाइट उघडून कोण गेलं कोण आलं ते एकदा जुळवून बघा. मे महिना उजाडेपर्यंत थांबलात तर ड्राफ्टनंतर घेतलेले त्या हिशोबात धरत नाहीत, त्यामुळं तेव्हा एखादा वयस्कर रिसीव्हर स्वस्तात उचलायला काहीच हरकत नाही.